खाद्य, निषिद्ध आणि विषारी : रानअळंबीचा एक अभ्यास

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे दरवर्षी एक प्रश्न नव्याने उभा राहतो. बांधावर, माळावर, वारुळाजवळ उगवलेली ही पांढरी छत्री खावी की खाऊ नये? कुणी म्हणतो, आमच्या गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात, काही होत नाही. कुणी म्हणतो, ही कुत्र्याची छत्री आहे, हात लावू नका. दोघेही ठामपणे बोलतात. पण कारण विचारले तर दोघेही गप्प होतात. प्रश्न साधा दिसत असला तरी चुकीच्या उत्तराची किंमत जिवाने मोजावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील विषारी अळंबी खाल्ल्याने काही दिवसांतच १३ माणसे दगावली. त्यांत चहामळ्यांत राबणारी कुटुंबे होती, लहान मुलेही होती. म्हणून हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. निरनिराळ्या देशांतील लोकांनी या प्रश्नाची काय उत्तरे दिली आणि त्यांतून आपण काय शिकावे, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. अळंबी म्हणजे काय?

अळंबीला कोकणात अळंबी, गोव्यात अळमी, तर पूर्व विदर्भात सात्या, टेकोडे अशी नावे आहेत. पुस्तकी भाषेत तिला भूछत्र म्हणतात. ती वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. कवक हा सजीवांचा स्वतंत्र वर्ग आहे. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे त्या कवकाचे फळ. त्याचे खरे शरीर जमिनीत किंवा कुजक्या लाकडात बारीक पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्यासारखे पसरलेले असते. हवेत ओल व जमिनीत ऊब आली की हे जाळे छत्री वर पाठवते आणि छत्रीखालच्या पापुद्र्यांतून बीजाणू वाऱ्यावर सोडते.

आपल्याकडची सर्वांत आवडती रानअळंबी वाळवीच्या वारुळावर उगवते. तिला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात. वाळवी आपल्या वारुळात या कवकाची अक्षरशः शेती करते. चघळलेला पालापाचोळा व लाकूड त्याला खाऊ घालते आणि मग ते कवक स्वतः खाते. पावसाळ्यात तेच कवक वारूळ फोडून वर येते. वाळवीवाचून ते जगत नसल्यामुळे धिंगरी किंवा बटण अळंबीप्रमाणे त्याची सहजासहजी लागवड करता येत नाही. ही अळंबी हवी असेल तर रानातच जावे लागते आणि रानात जायचे तर ओळख हवी.

२. निषिद्ध म्हणजे विषारी नव्हे

येथे प्रथम दोन शब्दांतील फरक स्पष्ट केला पाहिजे. 'निषिद्ध' म्हणजे समाजाने किंवा धर्मग्रंथाने खाऊ नये म्हणून ठरवलेले आणि 'विषारी' म्हणजे शरीराला अपाय करणारे. या दोन गोष्टींची आपल्या समाजात फार सरमिसळ झालेली आहे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण व कांदा यांच्याबरोबर भूछत्रही द्विजांना वर्ज्य ठरवले आहे. पुढे त्याच अध्यायात भूछत्र, गावडुक्कर, लसूण, गावकोंबडा, कांदा हे जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो, असे सांगितले आहे. ही यादी नीट पाहिली म्हणजे लक्षात येते की तिचा विषाशी संबंध नाही. लसूण-कांद्याने कुणी मरत नाही. ही यादी शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण हे ठरवण्यासाठी आहे. जे अन्न कष्टकऱ्यांच्या ताटात होते ते हलके आणि ते खाणाराही हलका, असा त्यातला हिशेब आहे. त्यामुळे रानअळंबी ओळखणाऱ्या, ती गोळा करून बाजारात आणणाऱ्या आदिवासी व श्रमिक बायांचे ज्ञान हे ज्ञान आहे, हेच आपण बराच काळ मान्य केले नाही.

असा भेद जगभर आढळतो. गॉर्डन वॉसन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेत उच्च पदावर होते. त्यांची पत्नी व्हॅलेंटिना ही जन्माने रशियन. १९२७ साली लग्नानंतर ते दोघे डोंगरात फिरायला गेले असता तिला रानात अळंबी दिसली आणि ती आनंदाने वेचू लागली. नवरा मात्र घाबरून गेला. त्याने ती खाण्याचे साफ नाकारले. एकाच अळंबीकडे पाहून एकाला आनंद आणि दुसऱ्याला भय का वाटावे, या प्रश्नाचा या दांपत्याने पुढे तीस वर्षे अभ्यास केला आणि १९५७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. जगात अळंबीवर प्रेम करणारे समाज आहेत आणि तिला भिणारे समाज आहेत, अशी त्यांची मांडणी होती. रशियन लोक पहिल्या गटातले व इंग्रज दुसऱ्या. आवड व भीती या दोन्ही गोष्टी माणूस लहानपणी घरातच शिकतो. त्या खऱ्या आहेत की नाहीत, हे मात्र घरात कुणी तपासत नाही.

३. विष काढून खाणारे लोक

काही समाजांनी विषारी अळंबी टाकून न देता तिचे विष काढून ती खाण्याची रीत बसवली आहे. याचे प्रसिद्ध उदाहरण फिनलंडचे. तेथे वसंत ऋतूत मेंदूसारख्या वळ्या असलेली एक तपकिरी अळंबी उगवते. तिला फिनिश भाषेत 'कोर्वासिएनी' म्हणजे कान-अळंबी म्हणतात. तिच्या शास्त्रीय नावातील 'एस्क्युलेंटा' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'खाण्याजोगी' असा आहे. पण कच्ची खाल्ली तर ती जीव घेऊ शकते. तिच्यातील गायरोमिट्रिन या द्रव्यापासून शरीरात जो विषारी पदार्थ तयार होतो, तो अग्निबाणाच्या इंधनातही वापरला जातो.

हे विष पाण्यात विरघळते व वाफेबरोबर उडून जाते. म्हणून फिनलंडमध्ये एक भाग अळंबीला तीन भाग पाणी घेऊन ती निदान पाच मिनिटे उकळतात, पाणी फेकून देतात, अळंबी चांगली धुतात आणि पुन्हा नव्या पाण्यात तशीच उकळतात. उकळताना खिडक्या उघड्या ठेवतात, कारण वाफही अपायकारक असते. तेथील बाजारात ही अळंबी विकताना सोबत इशारा व शिजवण्याच्या सूचना द्याव्या लागतात. गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी ती खाऊ नये, असेही सांगितले जाते. स्पेनमध्ये मात्र हिच्या विक्रीलाच बंदी आहे. अळंबी तीच, पण एका देशाने तिला नियम घालून स्वीकारले आणि दुसऱ्याने दारातच अडवले.

जपानच्या नागानो प्रांतातील काही गावांतही असाच प्रकार आहे. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली, परदेशी चित्रकथांतून आपल्या मुलांनाही ठाऊक असलेली अळंबी सर्वत्र विषारी मानली जाते. पण या गावांत ती उकळून, पाणी टाकून, मिठात मुरवून थोडी थोडी खातात. तिचेही विष पाण्यात विरघळणारे आहे.

येथे विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही रीत त्या त्या अळंबीपुरतीच लागू आहे. 'उकळले की विष जाते' असा सर्वसाधारण नियम यातून काढणे अत्यंत धोक्याचे आहे. जगात अळंबीने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू अमानिटा फॅलॉइडिस व तिच्यासारख्या अळंब्यांमुळे होतात. त्यांचे विष उकळून, तळून, वाळवून अजिबात कमी होत नाही.

४. 'आम्ही वर्षानुवर्षे खातो' हा पुरावा पुरेसा आहे काय?

परंपरा हे मोठे ज्ञान आहे. पण ते तपासून घ्यावे लागते, असे पुढील तीन उदाहरणांवरून दिसते.

पहिले उदाहरण पॅक्सिलस या तपकिरी अळंबीचे. मध्य व पूर्व युरोपात ती उकळून खाण्याची पद्धत होती. ज्युलियस शेफर हे जर्मनीतील नामांकित अळंबीतज्ज्ञ. ऑक्टोबर १९४४ मध्ये हीच अळंबी खाल्ल्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. पुढे संशोधनातून जे कारण कळले ते विचार करायला लावणारे आहे. ही अळंबी पुन्हा पुन्हा खाल्ल्याने काही माणसांच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि मग एखाद्या जेवणानंतर शरीर स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशी फोडू लागते. म्हणजे 'मी वीस वर्षे खातो, मला काही झाले नाही' हे वाक्य येथे निर्धास्तपणाचे नसून धोक्याचे आहे.

दुसरे उदाहरण फ्रान्सचे. ट्रायकोलोमा गटातील एक पिवळी अळंबी तेथे शतकानुशतके उत्तम म्हणून खाल्ली जात होती. १९९२ ते २००० या काळात नैऋत्य फ्रान्समध्ये ती सलग अनेक जेवणांत भरपूर खाल्लेले १२ रुग्ण आढळले. त्यांच्या स्नायूंचा नाश होऊ लागला होता आणि त्यांपैकी तिघे दगावले. २००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले व पुढे फ्रान्सने तिच्या विक्रीवर बंदी घातली. कधीतरी थोडी खाणाऱ्याला जे जाणवत नाही, ते रोज भरपूर खाणाऱ्याला भोगावे लागते.

तिसरे उदाहरण जपानचे. देवदाराच्या जातीच्या झाडांच्या खोडांवर उगवणारी 'सुगिहिराताके' नावाची शुभ्र अळंबी तेथे घरोघरी खात असत. २००४ सालच्या शरद ऋतूत ती खाल्लेल्या अनेकांना मेंदूचा गंभीर विकार झाला आणि १७ जण मरण पावले. त्यांतील बरेच जण आधीपासून मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होते. निरोगी माणसाला पचणारे अन्न आजारी माणसाला मारू शकते, हे या घटनेने दाखवले. तेव्हापासून जपान सरकारने ही अळंबी खाऊ नये असे लोकांना सांगितले आहे.

या तिन्ही ठिकाणचे लोक अडाणी किंवा निष्काळजी नव्हते. आपल्या वाडवडिलांनी जे खाल्ले तेच त्यांनी खाल्ले. परंतु परंपरेला तात्काळ होणारा अपाय दिसतो. सावकाश होणारा, काहींनाच होणारा किंवा प्रमाण वाढल्यावर होणारा अपाय तिच्या नजरेतून सुटतो. तेथे दवाखान्यातील नोंदी व संशोधन यांचीच गरज लागते.

५. ज्ञान आपल्या मातीपुरते असते

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. आग्नेय आशिया व चीनमध्ये भाताच्या पेंढ्यावर वाढणारी अळंबी लोकप्रिय आहे. कोवळी असताना ती अंड्यासारखी दिसते व तिच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण असते. अमानिटा फॅलॉइडिसच्या बुडाशीही तशीच पिशवी असते. ही विषारी अळंबी मूळची युरोपातली. ओक वगैरे झाडांच्या मुळांबरोबर ती अमेरिका व ऑस्ट्रेलियात पोचली. आशियातून तेथे स्थलांतर केलेल्या माणसाला ती दिसते आणि गावाकडची ओळखीची अळंबी भेटली असे वाटते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा शहरात ३१ डिसेंबर २०११ च्या रात्रीच्या जेवणात ती शिजवली गेली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. त्यांचे पूर्वज्ञान खोटे नव्हते. ते त्यांच्या मातीत खरे होते. नव्या मातीत ते लागू पडले नाही. नोकरीधंद्यासाठी जिल्हे व राज्ये ओलांडणाऱ्या आपल्या लोकांनीही हे लक्षात ठेवावे.

काश्मीर व हिमाचलातील गुच्छी ही फार महाग अळंबी आहे. तिच्या गटातील अळंबी जगभर उत्तम मानली जाते. तरीही २०२३ च्या वसंतात अमेरिकेच्या मोंटाना राज्यात ती कच्ची किंवा अर्धीकच्ची खाल्ल्याने ५१ जण आजारी पडले व दोघे मरण पावले. खाद्य म्हणून मान्य झालेली वस्तूसुद्धा नीट शिजवली तरच खाद्य ठरते.

६. सूकरमद्दव : एका शब्दाचा वाद

या विषयाचा आपल्या साहित्याशीही एक संबंध आहे. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात पावा येथील चुन्द कम्मारपुत्ताने तथागतांना दिलेल्या शेवटच्या भोजनाची हकीकत आहे. त्यात 'सूकरमद्दव' असा शब्द आला आहे. त्याचा अर्थ काय, यावर प्राचीन काळापासून एकमत नाही. अट्ठकथेत त्याचा अर्थ डुकराचे मऊ मांस असा दिला आहे. उदानाच्या अट्ठकथेत मात्र इतर मतेही नोंदवली आहेत. कुणी त्याला डुकरांनी तुडवलेल्या जागेतील वेळूचे कोंब म्हणतात, कुणी तशा जागी उगवलेली अळंबी म्हणतात, तर कुणी ते एक रसायन असल्याचे सांगतात. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात या शब्दाची चर्चा केली आहे. वर उल्लेख केलेले वॉसन यांनी १९८२ साली लिहिलेल्या निबंधात संथाळ लोक खातात त्या 'पुटका' नावाच्या अळंबीशी त्याचा संबंध जोडला. हे सर्व तर्क आहेत आणि अभ्यासकाने त्यांना तर्क म्हणूनच वाचावे. ओढूनताणून एका बाजूला निकाल देण्याचे कारण नाही.

परंतु त्या प्रसंगातील एक गोष्ट निर्विवाद आहे. भोजनानंतर तथागतांना तीव्र व्याधी झाली, तेव्हा चुन्दाला कुणी दोष देईल, तो स्वतःही तळमळेल, हे जाणून त्यांनी आनंदाला सांगितले की चुन्दाच्या मनातील खेद दूर करावा. हे दान संबोधीपूर्वीच्या अन्नदानाइतकेच मोठ्या फळाचे आहे. अन्नातून विषबाधा झालेल्या घरात आजही हाच प्रश्न उभा राहतो. ज्या आईने प्रेमाने भाजी रांधली तिच्याकडेच सगळे बोट दाखवतात. दोष देऊन गेलेला माणूस परत येत नाही. उपाय आहे तो आधी माहिती पोचवण्याचा.

७. आपण काय करावे?

प्रथम काही गैरसमज काढून टाकले पाहिजेत. चांदीचे नाणे किंवा चमचा काळा पडला नाही तर अळंबी चांगली, लसूण किंवा तांदूळ रंग बदलत नसेल तर चांगली, किडे-गोगलगायी खातात म्हणजे चांगली, पांढरी असेल तर चांगली, साल सुटत असेल तर चांगली, या सर्व कसोट्या खोट्या आहेत. अमानिटातील विषाने चांदी काळी पडत नाही आणि गोगलगाय ती अळंबी सुखाने खाते. शहरातील हिरवळीवर व गवताळ मैदानात मोठी पांढरी छत्री उगवते. वय झाल्यावर तिच्याखालचे पापुद्रे हिरवट होतात. दिसायला ती खाण्याजोगी वाटते. पण तिने जोराच्या उलट्या व जुलाब होतात.

बँकेत धनादेश वटवताना आम्ही केवळ सही जुळते एवढे पाहून पैसे देत नाही. तारीख, अक्षरी व अंकी रक्कम, खाते, सही या सगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात. एक जरी जुळली नाही तरी धनादेश परत जातो. अळंबीचेही तसेच आहे. जागा, हंगाम, छत्रीचा वरचा भाग, खालचे पापुद्रे, देठावरचे कडे, बुडाची पिशवी, वास व बीजाणूंचा रंग ही सर्व लक्षणे जुळली तरच ओळख पटली म्हणावे. एकाही लक्षणाविषयी शंका आली तर ती खाऊ नये.

पुढील नियम घरातील सर्वांना, विशेषतः मुलांना सांगून ठेवावेत :

(१) त्या भागात वर्षानुवर्षे अळंबी वेचणाऱ्या जाणत्या माणसाने प्रत्यक्ष हातात घेऊन ओळखल्याशिवाय रानअळंबी शिजवू नये. छायाचित्राशी ताडून निर्णय घेऊ नये.

(२) देठ मध्येच न तोडता बुडासकट काढावी, म्हणजे पिशवी आहे की नाही ते दिसते.

(३) अळंबी कच्ची खाऊ नये. सलग अनेक दिवस किंवा फार मोठ्या प्रमाणात खाऊ नये. लहान मुले, गरोदर स्त्रिया व मूत्रपिंड किंवा यकृताचे रुग्ण यांना रानअळंबी देऊ नये.

(४) खाल्ल्यावर त्रास झाला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. अमानिटाच्या विषबाधेत पहिले सहा ते बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, पुढे एखादा दिवस बरे वाटते आणि त्याच वेळी आतून यकृत निकामी होत असते. म्हणून बरे वाटले तरी रुग्णालय सोडू नये.

(५) ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सर्वांना, त्रास होत नसला तरी, डॉक्टरांकडे न्यावे. उरलेली भाजी व कच्ची अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती लवकर कुजते.

सारांश, अळंबीच्या बाबतीत दोन चुका होतात. एक, धर्मग्रंथाने किंवा समाजाने हलके ठरवले म्हणून चांगले अन्न नाकारणे आणि ते खाणाऱ्याला कमी लेखणे. दुसरी, वाडवडील खात होते एवढ्याच आधारावर डोळे मिटून खाणे. रानात जाणाऱ्या बायांकडे असलेली बारीक नजर आणि प्रयोगशाळेतील तपासणी या दोन्हींची गाठ पडली तरच या ज्ञानाचा उपयोग होईल. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी वनस्पतिशास्त्र किंवा वैद्यकशास्त्र शिकत असेल, तर त्याने सुट्टीत गावी गेल्यावर एखाद्या जाणत्या आजीबरोबर रानात जावे. ती कोणती अळंबी घेते, कोणती टाकते आणि का टाकते, हे वहीत लिहून आणावे. ही माहिती लिहिलेली नसल्यामुळे दर पिढीबरोबर ती थोडी थोडी नाहीशी होत आहे, आणि तिच्या अभावी दर पावसाळ्यात कुठल्या तरी गरीब घरात माणसे दगावत आहेत.